वस्तीवरच्या घरासाठी, लहान मुलं असताना, कुत्रं कसं निवडायचं: मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही जुन्नर तालुक्यात वस्तीवर राहतो, गावठाणापासून दीडेक किलोमीटर आत, एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला द्राक्षाचा बाग, घरात दोन मुलं, सासू-सासरे, दोन गाई, शेळ्या, कोंबड्या आणि खंड्या. खंड्या आमचा कुत्रा, सहा वर्षांचा झाला. त्याला बघून नात्यातले, शाळेतल्या मुलांच्या आया, शेजारच्या वस्तीवरचे सारखे विचारतात की आम्हाला पण कुत्रं घ्यायचंय, कोणतं घेऊ, कुठून घेऊ, पोरांना चावणार नाही ना. तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून काढावं म्हटलं.

ताई, एका वाक्यात सांगा, कोणतं कुत्रं घेऊ?

शांत स्वभावाच्या, माणसाळलेल्या, तुमच्या ओळखीच्या घरातल्या गावठी कुत्रीचं, दोन महिने पूर्ण झालेलं पिल्लू घ्या. बस. पुढचं सगळं याच वाक्याचं स्पष्टीकरण आहे.

पण गावठीच का? जातिवंत कुत्रं जास्त हुशार असतं ना?

असं काही नाही. गावठी कुत्रं आपल्या हवेत, आपल्या उन्हात, आपल्याच भाकरीवर पिढ्यान्पिढ्या वाढलंय. अंगावर आखूड केस, अंग सडपातळ, चामडीचे आजार कमी, आणि नीट सांभाळलं, लसी दिल्या तर बारा-चौदा वर्षं आरामात जगतं. राखणीला तर त्याला शिकवावंच लागत नाही, रात्री रस्त्याने अनोळखी गाडी वळली की आमचा खंड्या गाडीचा आवाज आम्हाला येण्याच्या आधी उठून उभा असतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पिल्लाची आई तुम्हाला डोळ्यांनी बघता येते, ती पोरांमध्ये कशी वागते हे चार दिवस जाऊन बघता येतं. विकत घेतलेल्या पिल्लाची आई तुम्हाला कोण दाखवतं? बहुतेक वेळा कोणीच नाही.

मी जातीच्या विरोधात नाही हां, पण लोक जात बघतात आणि स्वभाव बघत नाहीत, आणि घरात चार वर्षांचं पोर असेल तर स्वभाव हीच एकमेव गोष्ट आहे जी आधी बघायला पाहिजे.

आमच्या मुलाला लॅब्राडोरच हवाय, मोबाइलवर बघून हट्ट धरलाय. घेऊ का?

लॅब स्वभावाने गोड, मुलांशी जमवून घेणारा, यात वाद नाही. पण त्याचं मूळ बघा, न्यूफाउंडलंडच्या थंडगार पाण्यात कोळ्यांबरोबर काम करणारी ही कुत्री, अंगावर दुहेरी दाट केस. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली तो धापा टाकत पडून राहतो. खाण्याचा प्रचंड लोभी, त्यामुळे घरातल्या प्रत्येकाने एकेक चपाती टाकली की वर्षभरात गोल होतो आणि मग मागच्या पायांची, खुब्याची दुखणी सुरू होतात, लॅबमध्ये हा खुब्याचा दोष मुळातच जास्त असतो. तीस किलोचं कुत्रं आणि त्याला रोज भरपूर व्यायाम, नीट खाणं, उन्हाळ्यात सावली-पंखा देणं जमणार असेल तर घ्या, नाहीतर त्या जिवाचे हाल होतात. आणि राखण? चोराला पण शेपूट हलवत भेटेल, ती अपेक्षा ठेवू नका.

राखणीसाठी जर्मन शेफर्ड, डॉबरमन, रॉटवायलर?

ज्यांनी आधी कुत्री सांभाळलीत, रोज तास-दीड तास वेळ देता येतो, शिकवायची तयारी आहे त्यांनी विचार करावा. पहिलंच कुत्रं असेल आणि घरात लहान मुलं असतील तर माझं उत्तर नाही. ही कुत्री वाईट नाहीत, पण ताकद एवढी की एक चूक झाली तर ती मोठीच होते, आणि आपल्याकडे काय होतं, हौसेने आणतात, पिल्लू असताना खेळवतात, मोठं झालं की भीती वाटायला लागते म्हणून गोठ्याजवळ साखळीला बांधून टाकतात आणि मग ते खरंच चावरं होतं.

कारवानी कुत्रं कसं? आमचे पाहुणे सोलापूरकडचे आहेत, ते आणून देतो म्हणतात.

कारवानी म्हणजेच मुधोळ हाउंड. दख्खनची अस्सल देशी जात, कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळवरून नाव पडलं, तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची जोपासना केली आणि एक जोडी थेट इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज याला भेट दिली होती. २००५ मध्ये पोस्टाने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळ पण होता. दिसायला उंच, पाठ कमानदार, पोट आत, धावायला लागला की नजर ठरत नाही.

मला हे कुत्रं मनापासून आवडतं. पण हे शिकारी कुत्रं आहे, नजरेने सावज हेरून पळत जाऊन धरणारं. मोकळ्या कोंबड्या, ससे, शेजारच्यांच्या शेळीची करडं असतील तर डोकेदुखी होऊ शकते. शिवाय अंगाला कोणीही हात लावलेला त्याला फारसा आवडत नाही, घरच्या माणसांशी प्रेमळ पण अनोळख्यांपासून लांब राहणारं. मुलं नऊ-दहा वर्षांची असतील, समजूतदार असतील, पळायला मोकळं रान असेल तर जरूर घ्या. रांगणारं पोर असेल तर थांबा.

पॉमेरेनियन?

आपल्याकडे ज्याला सगळे पॉमेरेनियन म्हणतात तो बहुतेक वेळा स्पिट्झ असतो. आवाज भरपूर, आकार छोटा, पण खूप लहान मुलांनी दाबलं, उचललं तर चटकन दात लावतो. मुलं जरा मोठी असतील तर चालेल.

हस्की? नको. बर्फातलं कुत्रं आहे ते, त्याला महाराष्ट्रात आणणंच मुळात चुकीचं.

पिल्लू किती दिवसांचं आणायचं? विकणारे तर महिन्याचं पण देतात.

आठ आठवडे पूर्ण झाल्याशिवाय आईपासून तोडायचं नाही. यात मी अजिबात तडजोड करत नाही, कारण आम्ही ती चूक केलीय.

खंड्याच्या आधी आम्ही बाजारात एका माणसाकडून एक पिल्लू घेतलं होतं. तो म्हणाला पंचेचाळीस दिवसांचं आहे, लस झालीय. कागद वगैरे काही नव्हता आणि आम्ही पण मागितला नाही. घरी आणलं, थोरला तेव्हा चार वर्षांचा, त्याने स्वतःच्या जुन्या स्वेटरवर त्याला झोपवलं. तिसऱ्या दिवशी पिल्लाने खाणं सोडलं, मग उलट्या, मग रक्ताची पातळ संडास, त्याचा तो वास अजून नाकात आहे माझ्या. डॉक्टर म्हणाले पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा पोटाचा विषाणूजन्य आजार. दोन दिवस सलाइन लावली, सहाव्या दिवशी गेलं. डॉक्टरांनी त्याचे दात बघून सांगितलं की हे महिन्याचं सुद्धा नसेल. थोरला कितीतरी दिवस तो स्वेटर घेऊन झोपायचा. त्यामुळे कोणी म्हटलं ना की लहानच बरं, लवकर लळा लागतो, तर मला राग येतो.

आणि नुसता आजाराचा प्रश्न नाही. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू भावंडांशी खेळताना चावायचं किती हे शिकतं. जोरात चावलं की दुसरं केकाटतं, खेळ थांबतो, आई पण गुरकावते. हे शिक्षण ज्याला मिळालं नाही ते पुढे आपल्या पोरांच्या हाताला जोरात दात लावतं.

एक महत्त्वाचं, ज्या घरात पार्व्होने पिल्लू गेलंय तिथे लगेच दुसरं आणायचं नाही, तो विषाणू जमिनीत कितीतरी महिने टिकतो. आम्ही एक वर्ष थांबलो, फरशी ब्लिचिंगच्या पाण्याने धुतली, ते स्वेटर सोडून बाकी सगळं जाळलं, शेवटी ते पण पोराच्या नकळत जाळावं लागलं.

पाच-सहा पिल्लं आहेत, त्यातलं निवडायचं कसं?

आधी आईकडे बघा. तुम्ही तिच्या मालकाबरोबर गेलात आणि ती पिल्लांजवळ येऊ देते का, शेपूट पायात घालून थरथरते का, की अंगावर येते. पिल्लं असताना थोडं गुरगुरणं साहजिक आहे पण मालकाने हाक मारल्यावर शांत होणारी आई हवी.

मग पिल्लं. खंड्याला घ्यायला गेलो तेव्हा पलीकडच्या वस्तीवर पडवीत पाच पिल्लं होती, मी सासूबाईंनी सांगितल्याप्रमाणे घरातून स्टीलचं ताट नेलं होतं, ते त्यांच्यापासून चार-पाच हातांवर जमिनीवर टाकलं. खण्णकन आवाज झाला. दोन पिल्लं पोत्यांच्या मागे पळाली आणि बाहेरच येईनात. एक भुंकत ताटावरच धावून गेलं. एक नुसतं झोपून राहिलं, त्याचं पोट फुगलेलं होतं, जंत असणार. आणि पाचवं दचकलं, दोन पावलं मागे गेलं, मग कान पुढे करून हळूहळू आलं, ताटाचा वास घेतला आणि माझ्या पायाशी येऊन बसलं. तेच घेतलं. घाबरलं तरी लगेच सावरतं, हेच आपल्याला हवं, कारण पोरांच्या घरात दिवसभर भांडी पडतात, रडारड होते, सायकल आपटते, ट्रॅक्टर चालू होतो.

अजून एक, पिल्लाला हातात घेऊन हळूच पाठीवर झोपवायचं आणि छातीवर हात ठेवायचा. थोडं वळवळून शांत झालं तर उत्तम. सतत किंचाळत चावायला बघत असेल तर लहान मुलांच्या घराला ते नको. डोळे स्वच्छ, नाक वाहत नाही, शेपटीखालची जागा कोरडी, चालताना लंगडत नाही, हे तर बघायचंच. आणि ही परीक्षा एकदाच करून थांबू नका, दोन-तीन दिवस वेगवेगळ्या वेळी जाऊन बघा, पिल्लू भुकेलं किंवा झोपेत असेल तर वेगळंच वागतं.

मुलाला बरोबर न्यायचं का निवडायला? शेवटच्या दिवशी न्या. पहिल्या दिवशी नेलं तर ते सगळ्यात गुबगुबीत पिल्लू उचलणार आणि मग तेच घ्यावं लागणार.

नर की मादी? घरात सगळे म्हणतात मादी नको, दरवर्षी पिल्लं.

मादी बहुतेक वेळा जास्त घरकोंबडी, मुलांना धरून राहणारी असते. नर वयात आला की गावभर हिंडतो, मारामाऱ्या करतो, कधी आठ दिवस गायब. पिल्लांचा प्रश्न नसबंदीने सुटतो, साधारण सहा महिन्यांनंतर डॉक्टरांशी बोलून करून घ्या, नराची पण करा, हिंडणं आणि भांडणं बरीच कमी होतात. आमच्या आळीत लोक हसले होते कुत्र्याचं ऑपरेशन म्हटल्यावर, पण रस्त्यावर पिल्लं टाकून येण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं, दरवर्षी नाक्यावर गाडीखाली गेलेली पिल्लं बघतोच की आपण.

लसी कोणत्या, कधी?

सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पहिली लस, पार्व्हो आणि डिस्टेंपर वगैरेची एकत्र असते ती. मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. एकच डोस देऊन गप्प बसू नका, आईच्या चिकाची ताकद पिल्लाच्या अंगात असेपर्यंत लस नीट लागू होत नाही म्हणून परत परत द्यावी लागते. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर, मग डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर आणि त्यानंतर दरवर्षी. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, आमच्याकडे गाईंच्या लाळ-खुरकुताच्या लसीच्या तारखेशेजारीच खंड्याची तारीख असते.

लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला गावातल्या कुत्र्यांमध्ये, उकिरड्यावर सोडायचं नाही. पण घरातच कोंडून पण ठेवू नका, कडेवर घेऊन फिरवा, लोक, गाड्या, जनावरं, शाळेची पोरं सगळं दाखवा. तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत जे बघितलं त्याची भीती पुढे राहत नाही.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, आणि १९६२ हा टोल फ्री नंबर जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी आहे तो फोनमध्ये ठेवा.

जंतांचं औषध एवढं महत्त्वाचं आहे का?

खूप. पिल्लाला आईकडूनच जंत येतात. दोन आठवड्यांचं झाल्यापासून दर पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांचं होईपर्यंत, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला आणि पुढे दर तीन महिन्यांनी औषध. आपली पोरं मातीत खेळतात, तीच बोटं तोंडात घालतात, कुत्र्याच्या विष्ठेतली जंतांची अंडी तशीच पोटात जातात. अंगणातली विष्ठा रोज उचलून लांब खड्ड्यात पुरायची.

आणि एक गोष्ट जी फार कमी लोकांना माहीत असते. गावात बोकड कापला की काळीज-फुप्फुसाचे टाकाऊ तुकडे कुत्र्याला कच्चे टाकतात. शेळ्या-मेंढ्यांच्या या अवयवांत पाण्याने भरलेल्या गाठी असू शकतात, हायडॅटिड म्हणतात त्यांना, त्या कुत्र्याने खाल्ल्या की त्याच्या पोटात बारीक फीतकृमी होतात आणि त्यांची अंडी माणसाच्या पोटात गेली की माणसाच्या यकृतात, फुप्फुसात तशाच गाठी होतात, वर्षानुवर्षं वाढतात आणि ऑपरेशन करायची वेळ येते. त्यामुळे कच्चं कलेजी-फोपसं कुत्र्याला अजिबात नाही. द्यायचंच तर चांगलं शिजवून. जत्रेच्या दिवसांत कुत्रं बांधून ठेवा.

बाळ दीड वर्षाचं आहे, कुत्रं चावेल का?

दात असलेला कोणताही प्राणी चावू शकतो, मग ते कितीही गरीब असो. म्हणून मोठ्या माणसाच्या नजरेशिवाय लहान मूल आणि कुत्रं एकत्र सोडायचं नाही. नजरेशिवाय म्हणजे मी स्वयंपाकघरात आहे आणि ते अंगणात आहेत असं नाही, हाताच्या अंतरावर. मूल पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत तरी हे पाळा.

आमच्या घरातले नियम असे. कुत्रं जेवत असताना जवळ जायचं नाही. झोपलेल्याला हात लावायचा नाही, आधी हाक मारायची. शेपूट, कान ओढायचे नाहीत, पाठीवर बसायचं नाही, तोंडाला तोंड लावायचं नाही. पिल्लं असलेल्या कुत्रीजवळ जायचं नाही. आणि अनोळखी कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं, हात अंगाला चिकटवून, नजर खाली. धाकटी साडेतीन वर्षांची आहे, तिला हे आम्ही खेळ म्हणून शिकवलं, मी "झाड!" म्हटलं की ती जिथे असेल तिथे डोळे मिटून गप्प उभी राहते आणि खंड्या येऊन तिच्या पायाचा वास घेऊन निघून जातो.

मोठ्यांनी शिकायचं ते म्हणजे कुत्र्याची भाषा. शेपूट हलतेय म्हणजे खूशच आहे असं नाही. झोप नसताना जांभई, सारखी जिवणी चाटणं, तोंड फिरवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, अंग एकदम ताठ होणं, ही सगळी "मला सोडा आता" अशी विनंती आहे. त्यानंतर गुरगुरणं. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारू नका, प्लीज. मारलं की ते गुरगुरायचं सोडतं आणि पुढच्या वेळी न सांगता चावतं. गुरगुरलं की मुलाला शांतपणे बाजूला घ्या आणि ते का गुरगुरलं ते शोधा, कान दुखतोय, पाय दुखतोय, गोचीड झालीय, काहीतरी असतंच.

चुकून दात लागलाच तर?

घरचं असो की बाहेरचं, ओरखडा असो की मोठी जखम, आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची, तेल, कॉफी काही लावायचं नाही, पट्टी घट्ट बांधायची नाही. आणि लगेच सरकारी दवाखान्यात. तिथे इंजेक्शनचं वेळापत्रक देतात, चावल्याच्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी, कातडीत न देता स्नायूत देत असतील तर चौदाव्या दिवशी पण. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजशी लगेच लढणारं वेगळं इंजेक्शन) पण द्यावं लागतं, ते आपणहून विचारा. "आपल्याच कुत्र्याचा दात लागला, काही होत नाही" असं म्हणून थांबू नका, रेबीजची लक्षणं दिसायला लागली की जवळपास कोणीच वाचत नाही. मांत्रिकाकडे, मंत्रवलेल्या पाण्याकडे गेलेला प्रत्येक तास मुलाच्या जिवाशी खेळ आहे. चावलेलं कुत्रं घरचं असेल तर त्याला मारू नका, दहा दिवस बांधून नजर ठेवा आणि डॉक्टरांना सांगा, पण इंजेक्शन सुरू करायला ते दहा दिवस संपायची वाट बघायची नाही.

बिबट्याचं काय? आमच्या शेजारच्यांची दोन कुत्री नेली.

आमच्या जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर पट्ट्यात हा प्रश्न पहिला यायला पाहिजे खरं तर. शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता, २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला, त्यात बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशोबाने साधारण ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला, म्हणजे शेळ्यांपेक्षाही जास्त. ऊसातला बिबट्या कुत्र्यासाठी अंगणात येतो आणि अंगणात आपली पोरं असतात.

म्हणून रात्री कुत्रं बाहेर साखळीला बांधायचं नाही, ते त्याला ताटात वाढून दिल्यासारखं आहे. अंधार पडायच्या आत खंड्या पडवीत, वरून पण जाळी आहे, दाराला कडी. आमच्या सासऱ्यांचं म्हणणं होतं की राखणीचं कुत्रं आत ठेवून काय उपयोग, पण आतून भुंकलं तरी आपण जागे होतोच. दोन वर्षांपूर्वी उसाची तोड चालू होती तेव्हा पहाटे तो असा काही वेगळाच भुंकत होता, खालच्या आवाजात, केस उभे, दाराकडे तोंड करून मागे मागे सरकत. आम्ही दार उघडलं नाही, बॅटरी खिडकीतून मारली. सकाळी गोठ्याच्या मागे ओल्या मातीत पंजे होते. त्या आवाजाला आता धाकटी पण ओळखते. अंगणात लाइट ठेवा, खरकटं-मांस जवळपास टाकू नका, आणि पोरांना संध्याकाळी कुत्र्याबरोबर सुद्धा उसाच्या कडेला एकटं पाठवू नका, कुत्रं बरोबर आहे म्हणजे सुरक्षित असं नाही, उलट आहे.

दिवसभर बांधून ठेवलं तर चालेल?

नाही. सतत बांधलेलं कुत्रं चिडकं होतं आणि बांधलेल्या कुत्र्याजवळ पोरं गेली की त्याला पळायला जागा नसते म्हणून ते चावतं. कुंपण किंवा मोठी जाळी, सकाळ-संध्याकाळ पट्टा लावून फेरी, आणि बांधायचंच असेल तेव्हा सावलीत, पाण्याच्या भांड्याजवळ, थोड्या वेळासाठी.

खायला काय? आम्ही भाकरी-दूध देतो.

भाकरी चालते पण नुसती भाकरी नाही. बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी कुस्करून त्यात उकडलेलं अंडं, शिजवलेलं चिकन हाडाशिवाय, कधी मासे काटे काढून, कधी ताक-दही. मोठ्या कुत्र्यांना दूध बऱ्याचदा पचत नाही, पातळ संडास होते. मीठ-मिरचीचं कालवण नको. शिजवलेली कोंबडीची हाडं नकोत, ती फुटून टोकदार होतात. कांदा-लसूण घातलेलं नको, चॉकलेट नको. आणि आपल्या भागात खास सांगायचं म्हणजे द्राक्षं, मनुके, बेदाणे कुत्र्याला देऊ नका, किडनी निकामी होऊ शकते. बागेत खाली पडलेले घड पोरं कौतुकाने भरवतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

शेतातल्या औषधांची भीती वाटते.

वाटलीच पाहिजे. उंदरांसाठी ठेवलेलं आमिष, थिमेटसारखी दाणेदार औषधं, युरिया भिजवलेली बादली, फवारणीचा पंप धुतलेलं पाणी, या चारही गोष्टींनी आमच्या पंचक्रोशीत कुत्री मेलीत. झाकून, उंचावर, कुलपात. ते पोरांसाठी पण तेवढंच गरजेचं आहे. फवारणीच्या दिवशी खंड्या बांधलेला असतो.

गोचीड झाली तर गाईचं औषध लावू का?

स्वतःच्या मनाने नको. गाईच्या अंगाला लावायच्या औषधाचं प्रमाण कुत्र्याला विषारी ठरू शकतं, आणि ते औषध लावलेल्या अंगाला पोरं मिठी मारतात. डॉक्टरांना कुत्र्याचं वजन सांगून औषध घ्या. गोचीडतापात कुत्रं मलूल होतं, ताप, हिरड्या पांढऱ्या पडतात, त्यात वाट बघू नका. गोठा पण त्याच वेळी साफ करा नाहीतर चार दिवसांत परत.

कोंबड्या मारायला लागलं तर? लहानपणीच कोंबड्यांमध्ये पट्टा लावून बसवा, शांत बसलं की खाऊ द्या. एकदा चव लागली की सुटणं अवघड, म्हणून पहिले सहा महिने लक्ष ठेवा.

सासूबाई कुत्रं घरात नको म्हणतात.

माझ्या सासूबाई पण म्हणायच्या. मी वाद घातला नाही. चूल आणि देवघर सोडून पडवीपर्यंत, एवढं ठरलं. त्यांच्या माहेरी खंडोबा कुलदैवत, दर वर्षी जेजुरीला जाणं, खंडोबाबरोबर कुत्रं असतंच आणि दत्ताच्या पायाशी तर चार. नाव त्यांनीच ठेवलं. आता सकाळी पहिली भाकरी तव्यावरून उतरली की ती खंड्याची, आणि ती त्याच देतात. घरात ज्याचा विरोध आहे त्यालाच खाऊ घालायचं काम द्या, मला तरी हाच उपाय सापडला.

खर्च किती येतो?

गावठी पिल्लाला विकत घ्यायचे पैसे नाहीत, पण पहिल्या वर्षी लसी, जंताची औषधं, नसबंदी आणि एखादं आजारपण, याची तयारी ठेवा. आणि पैशापेक्षा वेळ जास्त लागतो. बारा वर्षांचा हिशोब करा, आज पहिलीतलं पोर कॉलेजला जाईल तोपर्यंत. घरातला एक मोठा माणूस स्वतःहून "मी बघतो" म्हणत नसेल तर आणू नका, पोरांच्या भरवशावर कुत्रं सांभाळलं जात नाही.

नाव काय ठेवायचं?

छोटं, दोन अक्षरी, आणि घरातल्या कोणाच्या नावाशी जुळणारं नको. आमच्या शेजारच्यांनी राजा ठेवलं आणि त्यांच्या पुतण्याला पण सगळे राजाच म्हणतात, हाक मारली की दोघे येतात. एकदा ठरलं की सगळ्यांनी तेच नाव वापरायचं, आणि रागवताना नाव घ्यायचं नाही, नावाने हाक मारली की काहीतरी चांगलं होतं हे त्याला कळलं पाहिजे, म्हणजे रस्त्यावर ट्रॅक्टर येत असताना एका हाकेत मागे फिरतं.